सभेच्या दिवशी आसवडात कोणी मरत नाही

नगरपालिकेच्या दारावर ही जी पितळी घंटा टांगलेली दिसते ना, ती शाळेची नाही आणि देवाचीही नाही. बाहेरगावचे पाहुणे तिच्याखाली उभे राहून हात जोडतात, एखादा हौशी उडी मारून वाजवायला बघतो. मग आमच्यापैकी कोणीतरी धावत जाऊन त्याचा हात धरतं. तुम्ही नुसतं विचारलंत, हे बरं केलंत. एसटीला अजून अवकाश आहे, बसा या कट्ट्यावर.

ती सभेची घंटा आहे. महिन्यातून एकदा पालिकेची सर्वसाधारण सभा भरते. ती संपली की शिपाई बाहेर येऊन तीन टोले देतो. टोले पडले की कधीकधी एखाद्या आळीतून एकदम रडण्याचा कल्लोळ उठतो. नवखा माणूस घाबरून जातो. आम्ही कान देऊन कोणती आळी ते ओळखतो, चपला घालतो आणि तिकडे चालू लागतो. आसवडात सभेच्या दिवशी कोणी मरत नाही, निदान घंटा होईपर्यंत तरी नाही, अशी रीत आहे.

माझं छपाईचं दुकान होतं. तीस वर्षं पालिकेची विषयपत्रिका माझ्याच हाताने छापली, त्यामुळे या इमारतीत काय शिजतं ते मला जरा जास्त कळतं. पण ही गोष्ट माझ्या आधीची, माझ्या वडिलांनी सांगितलेली. साल कोणी धड सांगत नाही.

त्या वेळी नगराध्यक्ष होते दौलतराव. माणूस मोठा भावनाप्रधान, असं सांगतात. त्यांनी पालिकेत एक चांगला पायंडा पाडला. सभेच्या दिवशी गावात कोणाचं निधन झालेलं असेल, तर तो श्रीमंत असो की गरीब, त्याच्या दुखवट्याचा ठराव करायचा, दोन मिनिटं उभं राहायचं आणि सभा तहकूब करायची. गावाला फार आवडलं ते. हमालाच्या मरणालाही पालिका उभी राहते, म्हणून लोकांचे डोळे भरून यायचे. पुढे पुढे असं झालं की एखादा विषय नकोसा असला म्हणजे सभेच्या दिवशी सकाळीच शिपाई गावभर फिरायचा. कोणाच्या दारात गर्दी आहे का, कोणी बांबू आणायला निघालंय का, हे बघत. एखादं मयत सापडलं की गडी खुशीत परतायचा. सापडेपर्यंत त्याला चहा नसे म्हणे. हे मात्र माझे वडील आपल्या पदरचं घालत असावेत.

आणि नकोसा विषय एकच होता. गावाच्या पूर्वेला ओढा आहे, त्याच्या पलीकडे कुंभारमाळ. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की माळ गावापासून तुटायचा. दवाखाना, शाळा, बाजार, सगळं या काठाला. माळावरच्या लोकांना एक साकव हवा होता, माणूस पायी जाईल एवढा लहानसा पूल. विरोध करायला कोणाला तोंड नव्हतं. पण साकवाचं अलीकडचं टोक दौलतरावांच्या उसात उतरत होतं. म्हणून विषयपत्रिकेवर साकव यायचा आणि गावात कोणीतरी मरायचं. नऊ सभा अशा गेल्या.

माळावर केरबा कुंभार आणि त्याची बायको ठकूबाई राहत. अर्ज केरबाचा होता. आदल्या पावसाळ्यात त्यांची सून सरू अडली. बाजेवर घालून तिला ओढ्यापर्यंत आणली, पण पाणी उतरेना. मूल काठावरच जन्मलं आणि काठावरच गेलं. सरू कशीबशी वाचली. दवाखान्याच्या सुईणीने बजावलं, पुढच्या खेपेला इथं पोचली नाही तर ही हाती लागायची नाही. आता सरूला पुन्हा दिवस गेले होते आणि बाळंतपण ऐन आषाढात येत होतं. वैशाखाच्या सभेत साकव मंजूर झाला तरच पावसाआधी उभा राहणार होता. मिस्त्रीने सामान जमवून ठेवलं होतं, पंधरा दिवसांत करून देतो म्हणाला होता. म्हणजे हाती एवढी एकच सभा उरली होती.

त्या सभेच्या दिवशी पहाटे केरबा गेला.

रात्री जेवून झोपलेला माणूस उठलाच नाही. ठकूबाईने हात लावून पाहिला, तर अंग गार. मुलगा तोंड उघडणार तोच तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. नवऱ्याला कुशीवर वळवून गळ्यापर्यंत वाकळ घातली, दार लोटून घेतलं आणि मुलाला दारातच चाक फिरवत बसवलं. मग ती आरशापुढे बसली आणि कपाळाला रोजच्यासारखं कुंकू लावलं. सरू चुलीपुढून हे बघत होती. ती नंतर माळावरच्या बायकांना म्हणाली म्हणे, की मामंजींचं मरण मी विसरेन, पण ते कुंकू विसरणार नाही.

उन्हं वर येता शिपाई माळावर आलाच. केरबा दिसत नाही म्हणाला. ठकूबाई मडकी रचत होती. वर न बघता तिने सांगितलं, की मालक रातभर भट्टीपाशी होते, आता निजलेत, उठवू का? शिपाई नको म्हणाला. दुसऱ्या कोणत्याही आळीत त्याला मयत मिळालं नाही.

सभा भरली. माळावरच्या पंधरा-वीस बायका मागच्या बाकांवर जाऊन बसल्या, त्यांत ठकूबाई मधोमध. पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. दुसरा भाजीबाजारातल्या दिव्यांचा. तिसरा मोकाट गाढवांचा, त्यावर पाऊण तास चर्चा झाली. चौथा गटारींचा. मग जेवणाची सुट्टी. घरी नवरा मरून पडलाय, वैशाखाचं ऊन तापलंय, आणि ही बाई गाढवं कोंडवाड्यात घालावीत की गावाबाहेर हाकलावीत ते ऐकत बसली होती. पालिकेच्या जुन्या विषयपत्रिका चाळताना मला अजून त्या गाढवांचा राग येतो. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष, पण येतो.

नववा विषय साकवाचा. दौलतरावांनी शिपायाकडे पाहिलं, शिपायाने नकारार्थी मान हलवली. मागे बायका बसलेल्या. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ठराव सर्वानुमते मंजूर झाला. दौलतरावांनी सही केली.

आणि इथे ठकूबाई चुकली. दिवसभर आवळून धरलेलं तिला आणखी अर्धा तास धरवलं नाही. ती उभी राहिली.

"लिवलं का समदं?" तिने कारकुनाला विचारलं. तो लिहिलं म्हणाला.

"सही झाली?"

"झाली, बाई."

"मग मी जाते. मालक पहाटंच गेल्यात. त्यास्नी न्यायचं हाय."

दौलतराव सावकाश उठले. त्यांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं, असं सांगतात, आणि मला ते पटतं. अशा माणसांना दुःख होतच असतं. ते म्हणाले, "केरबासारखा माणूस गेलेला असताना आपण इथे गटारींच्या गोष्टी करत बसलो. हा त्याचा अपमान झाला. आजची सभा मुळात भरलीच नाही, असं समजावं." सदस्यांनी माना डोलावल्या. सभा चालू होती, घंटा झाली नव्हती, म्हणजे तसं करता येत होतं. कारकुनाने नऊही ठरावांवर आडवी रेघ मारली आणि वर दुखवट्याचा ठराव लिहिला. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले. ठकूबाई तर उभीच होती. तीही ती दोन मिनिटं तशीच उभी राहिली, कपाळावर कुंकू घेऊन.

ती घरी गेली, पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं, पण तिच्या डोळ्यांतून पाणी काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी गावभरच्या बायका तिला भेटायला आल्या. पेठेतल्याही आल्या. तेव्हा ती बोलली ते आमच्याकडे अजून जसंच्या तसं सांगतात. "इथनं म्होरं सभेच्या दिशी या गावात कुनी मरायचं न्हाई. मेलं तर सांगायचं न्हाई. घरातल्या एकानं चारचौघांच्या डोळ्यांम्होरं जाऊन बसायचं आनि रोजच्यासारखं बोलायचं. घंटा झाल्याबिगर रडायचं न्हाई. माझी आन हाय तुमास्नी."

ज्येष्ठातल्या सभेच्या दिवशी सकाळी पेठेतल्या कापडवाल्यांची म्हातारी वारली. त्या घराला साकवाची काडीची गरज नव्हती. पण शिपाई दारावरून गेला तेव्हा तिघी सुना ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यातली थोरली त्याला पाणी हवंय का म्हणून विचारती झाली. आत म्हातारी झाकून ठेवलेली. त्या दिवशी साकव पुन्हा मंजूर झाला, सभा संपली, घंटा वाजली आणि तिसऱ्या टोल्याबरोबर पेठेतून हंबरडा उठला. दौलतराव पायरीवर उभे होते. पण संपलेली सभा तहकूब करता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट चांगली झाली. पण महिना गेला होता ना मधला. सामान ओढ्यावर पोचेपर्यंत पाऊस लागला, काम दिवाळीनंतर असं ठरलं. आषाढात सरू पुन्हा त्याच काठावर आली. समोर दवाखान्याची कौलं दिसत होती. बाळ वाचलं. सरू गेली.

साकव मार्गशीर्षात झाला. त्याच्यावर दौलतरावांच्या नावाची फरशी आहे, जाऊन बघा. ठकूबाई पुढे वीस वर्षं जगली, पण साकवावर तिने पाऊल ठेवलं नाही. बाजाराला जाताना लुगडं वर खोचून पाण्यातूनच जायची. कोणी विचारलं तर म्हणायची, माझा ठराव ह्यो न्हवं, माझा खोडला त्यो.

पायंडा मात्र पालिकेने मोडला नाही. मोडायचा म्हणजे मेलेल्यांचा मान काढून घेतल्यासारखं दिसतं, मग तो विषय मांडणार कोण? पुढे एका नगरसेवकाचेच वडील सभेच्या सकाळी गेले, तर तोही आपल्या प्रभागातल्या नळासाठी पाच वाजेपर्यंत खुर्चीत बसून होता. सभेत सगळ्यांना ठाऊक होतं म्हणतात. कोणी विचारलं नाही.

आजही रीत तीच आहे. आज सभा आहे. विषय तेरा, त्यातला अकरावा आमच्या आळीतला दवाखाना पुन्हा उघडून तिथे डॉक्टर नेमण्याचा. दोन वर्षं कुलूप आहे त्याला. आमच्या हिने, सिंधूने, त्या अर्जासाठी दारोदार हिंडून चारशे सह्या गोळा केल्या. छातीत दुखायचं तिच्या, जिना चढवत नव्हता, तरी वरच्या मजल्यावरची घरंसुद्धा सोडली नाहीत. सकाळी सातला पुन्हा दुखायला लागलं. तालुक्याहून गाडी येईपर्यंत थांबली नाही ती.

सूनबाई घरात आहे, दार लोटून. मला इथे बसायला सांगितलंय, सगळ्यांना दिसेल असं. मघाशी आतून कळलं, सातव्या विषयावर चर्चा चालू आहे.

तुम्ही लगेच उठू नका. गप्प बसलो की मला जमत नाही. तुम्ही काहीतरी विचारत राहा. गावात आणखी बघण्यासारखं काय आहे, तेच विचारा.