पहिलं पाणी

फार पूर्वी एका डोहाकाठी चितळांचा कळप राहायचा. म्हातारी भुरी आधी एकटीच डोहात उतरायची, सावकाश पाणी प्यायची आणि मगच बाकीच्यांना हाक मारायची. तरण्याबांड शिंगाळ्याच्या डोळ्यांत ते सलायचं.

"किती हावरट ही! आणि हिलाच म्हणे म्होरकी म्हणायचं!"

एके सकाळी तो तिला आडवा आला. "आजपासून पहिलं पाणी माझं."

"घे की, लेकरा," भुरी म्हणाली. "फक्त आजच्या दिवस मला जाऊ दे. पाणी गढूळ दिसतंय."

शिंगाळ्या फणफणत बाजूला झाला. भुरी गुडघाभर पाण्यात गेली, तोच मगरीने तिला धरलं. "मागं फिरा रे!" एवढंच ती ओरडली.

उन्हं चढली. पाडसं तहानेनं रडकुंडीला आली, पण कुणाचं पाऊल उचलेना. सगळे शिंगाळ्याकडे बघत होते. पहिलं पाणी आता त्याचं होतं ना! पलीकडच्या उथळ काठाला तो एकेक पाऊल चाचपत उतरला, प्यायला, बराच वेळ थांबला आणि मग म्हणाला, "या आता."

"किती हावरट हा!" एक पाडस पुटपुटलं.

शिंगाळ्याने ते ऐकलं. त्याचे डोळे भरून आले. तो पाडसाच्या पुढं, खोल पाण्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.