चावडीवरची पाटी

सात वाड्यांच्या एका खोऱ्यात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्यापाशी एक शिष्य होता. बुद्धी तल्लख, अक्षर सुंदर, आणि या दोन्ही गोष्टींची त्याला पुरेपूर जाणीव होती.

एके वर्षी खोऱ्यात जुलाबाची साथ आली. गुरूंनी शिष्याला सांगितले, "पाणी उकळून प्यावे आणि जुलाब लागलेल्या मुलाला मीठसाखरेचे पाणी पाजत राहावे, एवढे सातही वाड्यांना कळू दे." शिष्याने चार दिवस खपून एक सागवानी पाटी रंगवली. भाषा शुद्ध, मापे तोळ्यामाशांत. ती त्याने चावडीच्या दर्शनी खांबावर उंच लावली. चावडीतल्या मंडळींनी ती वाचली, अक्षराची तोंडभरून स्तुती केली आणि सुपारी कातरत मंडळी पुन्हा गप्पांकडे वळली. शिष्याला कृतार्थ वाटले. काम झाले असे वाटण्याचा हा मोह फार गोड असतो. मीही त्याला अनेकदा बळी पडलो आहे आणि ते सांगताना आजही संकोच वाटतो.

आठव्या दिवशी हौसाबाई नावाची एक बाई तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन वैद्यांच्या दारी आली. पोरीचे डोळे खोल गेले होते. ती रडण्याचा प्रयत्न करी, पण डोळ्यांत टिपूस येत नव्हते. पाणी दिले की जुलाब वाढतात, या समजुतीने आईने तिचे पाणीच तोडले होते.

वैद्य चमच्याचमच्याने तिला पाणी पाजू लागले. शिष्य मात्र संतापला. दारात जमलेल्या लोकांदेखत तो म्हणाला, "पाटी लावून आठ दिवस झाले! रोज तिच्यासमोरून घागर नेतेस ना? डोळे फुटले होते का?"

हौसाबाईने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर रडली आणि तिच्या गालावर पाणी ओघळले. "आता धोका टळला," वैद्य म्हणाले. मग त्यांनी शिष्याच्या हाती घागर दिली. "पाणवठ्यावरून भरून आण. डोक्यावर घेऊन ये. आणि चावडीसमोरून बायका चालतात तसा चाल."

शिष्य गोंधळला, पण गेला. त्या खोऱ्यात चावडीपुढून जाताना बायका वहाणा हातात घेत, पदर कपाळापर्यंत ओढत आणि नजर जमिनीवर ठेवत. शिष्याने उपरणे कपाळावर ओढले, एका हाताने घागर सावरली, दुसऱ्या हातात वहाणा धरल्या आणि तो तसाच चालत परतला.

"पाटीवर काय लिहिले होते?" गुरूंनी विचारले.

"गुरुजी, मला फक्त माझे पाय दिसले."

वैद्य म्हणाले, "या खोऱ्याचे पाणी ज्या भरतात, आजारी मूल ज्यांच्या मांडीवर असते, त्यांना चावडीकडे मान वर करून पाहण्याची मुभा नाही. त्यांना वाचता येते की नाही, हा तर पुढचा प्रश्न. जिथे तुझी स्तुती होणार होती तिथे तू पाटी लावलीस. मी ती पाहिली आणि गप्प बसलो, म्हणून अर्धा दोष माझा."

शिष्याला चारचौघांत उच्चारलेले आपले शब्द आठवले आणि तो शरमेने काळाठिक्कर पडला. पडवीत हौसाबाई लेकीला थोपटत बसली होती. तिच्यासमोर जाऊन तो कसाबसा म्हणाला, "बाई, माझे चुकले. फार चुकले."

"मान वर करा, दादा," ती म्हणाली. "खाली बघायची सवय आमाला हाय, तुमाला न्हाई." मग म्हणाली, "पानवठ्यावर घागर डोईवर चढवायला दोघी लागतात. तितं मी सांगते समद्यांस्नी. फकस्त सोपं करून सांगा."

"तांब्याभर उकळून निवलेले पाणी, लहान मूठभर साखर, तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढे मीठ."

"आन् मीठ जास्त झालं, तर कळायचं कसं?"

"आधी स्वतः चाखायचे. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये."

हौसाबाईने लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

"ती चव ठावं हाय मला," ती म्हणाली. "कालधरनं तीच चाखतीया."

शिष्याची मान पुन्हा खाली गेली.