डाव्या हाताची गाठ

एका राज्यात एक नदी होती, नदीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात घरटी निळीचा एक रांजण होता. गाव सगळं रंगाऱ्यांचं. तिथल्या माणसांचे हात कोपरापर्यंत निळे असत. जन्मलेलं पोर तेवढं गोरं नाहीतर सावळं, सातव्या वर्षी तेही निळं. त्या गावात सगुणा नावाची रंगारीण राही. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेक राहिली, तिचं नाव भिवरा.

गावाची एक रीत होती. कापड रांजणात बुडवायच्या आधी त्याच्या कोपऱ्याला दोऱ्याने गाठ मारायची. रंग चढला, की गाठ सोडायची. दोरा जिथे आवळलेला असे, तिथे पांढरं कडं उरे. ज्याच्या त्याच्या हाताचं कडं निराळं, आणि त्यावरून कापड कुणी रंगवलं ते सगळ्या राज्याला कळे. सगुणेचं कडं पुनवेच्या चंद्रासारखं वाटोळं पडे. भिवरा मात्र डावखुरी. तिची गाठ उलटी बसे, वर एक वेढा जास्तीचा, आणि कड्याला वाकडं शेपूट फुटे. आई म्हणे, "कोंबडीचं पिल्लू चालून गेलंय जसं." मग गाठ सोडायची, पुन्हा बांधायला लावायची, की पुन्हा तेच पिल्लू. शेवटी आई हात टेकी आणि माय-लेकी हसत सुटत.

पण पोरीच्या बोटांत कला होती. भिंतीवर निळीने मोर काढला, तर मांजर त्याच्या मागे लागे. सोळाव्या वर्षी ती राजधानीच्या चित्रशाळेत शिकायला निघाली. सगुणेने निळ्या फडक्यात भाकरी बांधून दिली, वेशीपर्यंत आली, आणि तिथूनच परत फिरली. थांबली असती तर रडली असती, हे दोघींना ठाऊक होतं.

चित्रशाळेत तीन आचार्य होते. एक मातीचा, एक पाषाणाचा, एक रंगांचा. भिवरा मातीत बसली, की मातीच्या आचार्यांसारखी मूर्ती करी. पाषाणात बसली, की पाषाणाच्या आचार्यांसारखी. रंगात बसली, तर रंगाचे आचार्य स्वतःच फसत आणि विचारत, हे मी कधी काढलं? सगळे वाहवा करीत. पण स्वतःचं असं काही काढ म्हटलं, की तिचा हात थबके. आणि सोबतच्या मुली तिच्या हातांकडे बघून तिला "नीलांबरी" म्हणत, ते काही कौतुकाने नव्हे. भिवरा रोज लिंबाने, राखेने हात घाशी. नीळ काही निघत नसे.

त्या राज्याचा राजा धवलसेन. त्याच्या भांडारात अंजनसिद्ध नावाच्या मायावी चिताऱ्याची रंगपेटी होती. तिच्या रंगांनी काढलेलं चित्र श्वास घेई, असं म्हणत. राजा उतारवयाला लागला होता. आपली तरुणपणीची छबी एकदा डोळ्यांपुढे यावी, असं त्याच्या मनाने घेतलं. पेटी दरबारात आणली. तीनही आचार्य मागे सरले. पुढे आली ती भिवरा.

झाकणावरची अक्षरं राजाने स्वतः वाचून दाखवली. "या रंगांनी जो दुसऱ्याचं रूप उतरवील, त्याची ओळख रंगात जिरेल." मग तो म्हणाला, "ऐकलंस, मुली?"

"ऐकलं, महाराज. रंगाऱ्याच्या पोरीची ओळख ती केवढी?"

तिसऱ्या दिवशी चित्र पुरं झालं. पटावरच्या तरुण राजाने पापणी लववली. भिवरेने हात धुतले, आणि पाण्याबरोबर जन्माची नीळ वाहून गेली. हात दुधासारखे स्वच्छ झाले. वेडी पोर किती वेळ ते उलटसुलट करून बघत बसली, आणि खरं सांगायचं तर, तिला आनंद झाला.

राजाने शेला दिला. दुसऱ्या दिवशी चित्रशाळेत आचार्यांनी विचारलं, की आपण कोण? भिवरेला वाटलं, शेल्यामुळे ओळखलं नाही. सोबतच्या मुली उठून उभ्या राहिल्या, तेव्हा तर तिला बरंच वाटलं. दिवाळी तोंडावर आली, तेव्हा तिला घर आठवलं. रांजणाचा आंबूस वास, वळचणीला लोंबणारी ओली कापडं, पहाटे गार पाण्यात हात घालताना आईचं गुणगुणणं. ती निघाली.

अंगणात सगुणा रांजण ढवळत होती. तिने मान वर केली.

"कोण पाहिजे, बाई?"

भिवरा म्हणाली, मी तुझी लेक. सगुणा हसली. म्हणाली, माझी भिवरा राजधानीत शिकते, तिचे हात निळे आहेत, तुम्ही कुणी मोठ्या घरच्या दिसता, वाट चुकला असाल. मग तिने पाहुणीला बसायला पाट दिला, पाणी दिलं. आपल्याच घरात पाहुणीसारखं पाणी प्यायचं म्हणजे काय, ते भिवरेला त्या दिवशी कळलं.

अंगणातल्या कडुनिंबावर एक साळुंकी बसली होती. ती त्या मायावी चिताऱ्याची. पेटीचे रंग ज्याला बाधत, त्याच्यामागोमाग ती हिंडे. इतक्यांचे आवाज शिकली होती, की स्वतःचा विसरली होती. ती एका म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाली, "सांगून ओळख पटणार नाही. घडवून पटेल."

"काय घडवू?"

"स्वतःला. तीन वस्तू तुझ्या हातच्या. एकीवरून तरी आईच्या तोंडी तुझं नाव आलं, तर शाप सरेल. पहिली हुकली, तर ती तुझं बालपण विसरेल. दुसरी हुकली, तर तुझं नाव. तिसरी हुकली, तर तिला लेकच नव्हती."

भिवरा घाबरली, पण तिला आपल्या बोटांचा भरवसा होता. नदीची माती आणून तिने आपला मुखवटा घडवला, मातीच्या आचार्यांच्या धाटणीने, तसूभर उणं नाही. सगुणेने तो निरखला. म्हणाली, "सुरेख आहे. कोणत्या देवीचा?" आणि हळद-कुंकू वाहिलं. त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या निळ्या मोराकडे बघत ती पुटपुटली, हा इथे कुणी काढला कोण जाणे.

भिवरेने माती दूर सारली. दुसऱ्या वेळी तिने पट ताणला, साधे रंग घोटले, आणि आपलं चित्र काढलं. डोळे रंगाच्या आचार्यांच्या धाटणीचे, ओठ त्यांच्याच धाटणीचे, झळाळीही त्यांचीच. सगुणा बराच वेळ बघत राहिली. एकदा तर वाटलं, आता म्हणेल. म्हणाली, "राजकन्या दिसते." मग पदराने हात पुसत म्हणाली, "मलाही एक लेक आहे. राजधानीत असते. तिचं नाव..." आणि ती थांबली. ओठांवर आलेलं नाव शोधत ती घरभर फिरली, हंडे उघडून बघितले, फडताळ बघितलं, जसं नाव कुठे ठेवून विसरली आहे.

त्या दिवसापासून भिवरेने कशालाही हात लावला नाही. मातीला नाही, रंगाला नाही. तिसरी वस्तू घडली नाही, तर हुकणारही नाही, असा तिने हिशेब केला. आईला ती म्हणाली, मला कामाला ठेवा. पाणी भरीन, लाकडं फोडीन, पोटापुरतं द्या. सगुणा एकटी पडली होती. तिने ठेवून घेतलं. आई तिला "अहो बाई" म्हणे, आणि भिवरा त्यावर ओ देई.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी राजवाड्यातून पांढऱ्या कापडाचं ठाण आलं, दिवाळीच्या पडद्यांसाठी. आणि नेमकं सगुणेचं मनगट सुजलं. तिने दोरा पुढे केला.

"अहो बाई, एवढी कोपऱ्याची गाठ मारा. माझा हात चालत नाही."

भिवरेने दोरा घेतला, तशी कडुनिंबावरची साळुंकी गप्प झाली. नाही म्हणावं, तर आईचं काम अडतं. हो म्हणावं, तर ही तिसरी वस्तू. भिवरेने डोळे मिटले आणि बांधली. आईची गाठ बांधली, पुनवेच्या चंद्राची, इतकी बेमालूम, की सगुणा म्हणाली, "वा. अगदी माझ्यासारखी."

अगदी माझ्यासारखी. हेच मातीच्या आचार्यांनी म्हटलं होतं, हेच पाषाणाच्या, हेच रंगाच्या. आयुष्यभर तिने हीच वाहवा गोळा केली होती. त्या क्षणी तिला स्वतःची लाज वाटली आणि घराची अशी आठवण आली, की घरात बसूनही डोळे भरले. तिला ते लहानपणचे दिवस हवे होते. गाठ चुकली, की आई रागावे, ते रागावणं हवं होतं.

कापड अजून रांजणात बुडालं नव्हतं, वस्तू अजून घडली नव्हती. तिने गाठ सोडली. दोरा डाव्या हातात घेतला. उलटा फिरवला. एक वेढा जास्तीचा दिला. मग आईचा चेहरा न बघता कापड रांजणात सोडलं.

कापड वर काढलं, तेव्हा ते पिवळट हिरवं होतं. निळीचं असंच असतं. वारा लागेपर्यंत ती आपला रंग सांगत नाही. दोघी दोन टोकं धरून उभ्या राहिल्या. हिरव्याचं निळं होत गेलं. सगुणेने दुखऱ्या हाताने कोपरा पुढे ओढला, गाठ सोडवली आणि बोटांनी सुरकुती सारखी केली. पांढरं कडं, वाकडं, आणि त्याला शेपूट.

सगुणा बघत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"भिवरे," ती म्हणाली, "पुन्हा उलटीच बांधलीस ना गं? किती वेळा सांगायचं?"

  सगुणेच्या हातातलं कापड गळून पडलं, आणि आपण काय म्हणालो ते तिला तेव्हा कळलं. मग माय-लेकी ओल्या कापडावरच बसून रडल्या. रडता रडता भिवरेने पाहिलं, तर तिचे हात कोपरापर्यंत निळे होते.

साळुंकी उडाली, आणि उडता उडता साध्या साळुंकीसारखी ओरडली. तिकडे राजधानीत रंगपेटीतले रंग करपून राख झाले. राजाच्या पटावरची छबी पापणी लववायची थांबली, आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात शेपूट फुटलेलं एक पांढरं कडं उमटलं. राजाने ते बघितलं, कडं कुणाचं याचा माग काढला, आणि रिकामी पेटी नदीत बुडवली. भिवरेआधी त्या रंगांना बळी पडलेली चार माणसं राज्यात बेवारशी हिंडत होती. त्या दिवाळीला त्यांच्याही दारांत कुणीतरी त्यांना नावाने हाक मारली.

भिवरा चित्रशाळेत परतली आणि शिकून मोठी झाली. माती केली, पाषाण केला, रंग केले. पण जे करी, ते डाव्या हाताने, आणि कोपऱ्यात ते कडं असे. दर दिवाळीला ती गावी येई. आई वाटोळी गाठ मारी, लेक वाकडी, आणि दोन कोपऱ्यांना दोन गाठींचं ते कापड साऱ्या राज्यात मिरवे.

भिवरेची वाकडी गाठ जशी तिच्या आईला ओळखू आली, तशी तुमची तुमच्या माणसांना ओळखू येवो.