केरबाने निवडलेला सर्व्हर

सोमवार, सकाळचे अकरा. करंजवड्याच्या बेडूक संशोधन केंद्रात खरेदी समितीची सातवी बैठक.

केंद्रातला जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. डॉ. इंदुमती दाभोळे यांनी अकरा वर्षं चिखल तुडवून टिपलेले बेडकांचे आवाज त्यात होते. ते ठेवायला कोणता सर्व्हर घ्यावा, यावर पाच विद्वान पाच महिने भांडले. एकाला मोठा हवा, दुसऱ्याला छोटा, तिसऱ्याला रंगच पसंत पडेना. शेवटी निवड कोणावर सोपवली? चहा घेऊन आलेल्या शिपायावर!

केरबा त्याचं नाव. इतका भोळा की सांगितलेलं कधी विसरत नसे. पंचाईत तीच होती.

दाभोळेबाई म्हणाल्या, "केरबा, बघून आणा हं. त्याला उष्णता सोसत नाही."

"बरं मॅडम. ध्यानात ठेवतो."

दुकानात केरबाने सर्व्हरच्या एकेका पेटीला गाल लावून पाहिला. सगळ्यांत गार लागली, ती घेतली. बाकीच्या चालू होत्या, ही बंद होती. आणून फ्रिजमध्ये ठेवली.

बाईंनी पेटी काढली, तर तिला पाणी सुटलेलं. "अहो केरबा! ओलं काही दिसलं की पुसायचं, उन्हात वाळवायचं!"

"बरं मॅडम. ध्यानात ठेवतो."

पेटी वाळली. दैव बलवत्तर, चालूही झाली.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावरून सात बेडूक आले, ओलेचिंब. केरबाने एकेक पुसला आणि गच्चीवर सुपात वाळत घातला.

बाई धावत वर आल्या. "अहो, मरतील ना! ओरडतायत, ऐकू येत नाही? डराव डराव ऐकलं की आधी पाण्यात सोडायचं, विचारत बसायचं नाही!"

"बरं मॅडम. ध्यानात ठेवतो."

शनिवारी बाईंनी सगळे आवाज नव्या पेटीत भरले, स्पीकर जोडला, ध्वनिमुद्रण वाजतं ठेवलं आणि समितीला बोलवायला गेल्या. केरबा फडकं मारत होता. पेटी ओरडली, "डराव! डराव!"

केरबाने कान लावला. आत शेकडो! "एवढ्याशा पेटीत एवढे जीव? शिकलेली माणसं, पण काळीज नाही!"

विचारत बसला नाही. वायरी उपटल्या. आवाज थांबला, तसा तो हादरलाच. "गेले वाटतं!" म्हणत पेटी छातीशी धरून हौदाकडे पळाला.

समिती आली तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा होता. "मॅडम, जरा उशीरच झाला. पण सोडलेत सगळे. अजून एकही वर आलेला नाही."

बाई हौदाच्या काठावर मटकन बसल्या. जुना कॉम्प्युटर त्याच सकाळी भंगारात गेला होता. आवाजांची दुसरी प्रत निघण्याआधीच तो भंगारात काढायचा हुकूम पाच विद्वानांपैकी कोणी दिला, हे आजवर एकानेही सांगितलेलं नाही.