शेजारणीचं पोवळं

फार जुन्या काळी समुद्राच्या तळाशी पोवळ्यांची एक वस्ती होती; खेकडे-मासे त्या पोवळ्यांत घर करून राहत. दर उधाणाला तिथे सभा भरे आणि प्रत्येकजण शेजाऱ्याच्या पोवळ्याचा रंग सांगे, कारण आपल्याच घराचा रंग उडालेला रोज पाहून कळत नाही. वेळेवर कळलं, तर सगळे मिळून शेवाळ खरवडून काढत आणि पोवळं वाचे.

एकदा दगडू खेकड्याला शेजारच्या म्हाताऱ्या मासोळीमावशीचं पोवळं पांढरंफटक दिसलं. पण म्हातारीच्या जिवाला घोर नको, म्हणून त्याने सभेत सांगितलं, "लालबुंद आहे."

घरी परतताना मात्र त्याला राहवेना. "मावशी, मी खोटं बोललो. तुमचं पोवळं मरायला टेकलंय."

 मावशी हळूच म्हणाली, "दगडू, गेली तीन उधाणं मीही तुझं पोवळं लालबुंदच सांगतेय रे."