आरपार दप्तरं

माणसांनी तळ्यात गळ टाकायच्याही आधीची गोष्ट. तळ्यातल्या शाळेतून रोज एखादं पोर गायब होऊ लागलं. चोचीखाली भलीमोठी झोळी असलेल्या पाणकोळी गुरुजींनी नियमच काढला, "कुणीतरी पोरं दप्तरात लपवून नेतंय. उद्यापासून सगळ्यांची दप्तरं आरपार दिसणारी हवीत!"

सगळ्यांनी सापाच्या कातीची दप्तरं शिवली. ठकी बेडकीला भारी गंमत वाटली. कुणाच्या दप्तरात शेवाळ, कुणाच्या शिंपला! तिने एकूण एक दप्तर न्याहाळलं.

"गुरुजी, तुमची झोळी तेवढी बघायची राहिली," ती म्हणाली.

"गप्प बस!" गुरुजी डाफरले आणि सवयीने हजेरी घेऊ लागले. "यमू कोळंबी?"

"हजर, गुरुजी!" झोळीतून आवाज आला.