पाय धुण्याचा गुरुवार

एका गावाच्या वेशीबाहेर ख्रिस्ती लोकांचं दगडी देऊळ होतं. अँग्लिकन, म्हणजे बिशपसाहेबांच्या हुकमातलं. उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, सगळं ठरलेलं. मंडळीचा मुख्य पंच होता नथनेल आढाव, वीटभट्टीचा मालक. माणूस वाईट नव्हता. उपास करी, बायबल वाची, प्रभुभोजन, म्हणजे देवळातला भाकर-प्याल्याचा विधी, तर त्यानं जन्मात चुकवला नव्हता. फक्त त्याचा धर्म देवळाच्या पायरीवर त्याची वाट बघत बसे, भट्टीवर कधी जात नसे.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी तिथं पाय धुण्याचा विधी असे. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे. हे बारा जण कोण? पहिल्या बाकांवरचेच. आणि हे बहाद्दर घरूनच साबणानं पाय घासून, नखं कापून, कोरे मोजे घालून येत. मळका पाय चारचौघांत पुढं कसा करायचा, म्हणे! मग अंगठ्यावर चार थेंब टाकायचे, टॉवेल लावायचा, झालं. मळच नाही तर धुता काय, हे कुणी विचारत नव्हतं.

त्या वर्षी देवळाचे धर्मगुरू, पाळक दानीएल उमाप, यांनी शेवटची खुर्ची लहानूला दिली. लहानू आढावांच्याच भट्टीवर विटा भाजायचा. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, सगुणानं, नुकताच बाप्तिस्मा घेतला होता. दोघं पार मागं दाराशी बसत.

नथनेल पाळकांकडं गेला. "पाळकसाहेब, मी जात बघतोय असं समजू नका. पण तो लंगडतोय. सगळ्यांदेखत तमाशा होईल."

"लंगडतोय? मग तर खुर्ची त्यालाच पाहिजे."

"अहो, सोंग आहे ते! सुट्टी मागतोय. भट्टी पेटलेली असताना सुट्टी कुठून देऊ?"

पाळकांनी खुर्ची बदलली नाही. त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून या खेपेला खाली बसून पाय धुवायचं काम त्यांनी मुख्य पंचावरच सोपवलं. नथनेलची छाती फुगली.

गुरुवारी देऊळ भरलं. नथनेलनं एकेकाच्या अंगठ्यावर थेंब टाकत टाकत लहानूची खुर्ची गाठली. लहानूच्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती. नथनेलनं चिंधीबाहेरच्या बोटांवर पाणी शिंपडलं आणि टॉवेल उचलला.

मागून सगुणाचा आवाज आला. "साहेब, टाचेकडून धुवा. लागलंय तिथं."

"ए बाई, उपासना चाललीय!" पुढच्या बाकावरून कुणीतरी दटावलं.

"तेच म्हणते मी."

 नथनेलनं चिंधी सोडवायला घेतली. ती मांसाला चिकटली होती. पाणी घालून घालून सुटली, तेव्हा जवळचे लोक नाकाला रुमाल लावून मागं सरले. टाच काळी पडली होती. सूज घोट्याच्या वर चढली होती. भट्टीवरची राख ढासळून लहानूचा अनवाणी पाय निखाऱ्यात गेला, तेव्हा नथनेल तिथंच उभा होता. "हळद लाव आणि लाग कामाला," असं म्हणाला होता. बघायला वाकला नव्हता.

लहानू हळूच म्हणाला, "राहू द्या साहेब. टॉवेल खराब होईल."

टॉवेल गुंडाळून उठता आलं असतं. विधी पुरा झाला असता, इभ्रत राहिली असती. नथनेल गुडघ्यावरच राहिला. मग मंडळीकडं तोंड करून म्हणाला, "हा पाय माझ्या भट्टीवर जळला. मी याला सोंग म्हणालो."

त्यानं लहानूला खांद्याचा आधार दिला आणि दाराकडं निघाला. बाहेर त्याची जीप होती.

"आणि प्रभुभोजन?" एक पंच ओरडला. "भाकर, प्याला सगळं मांडलंय! मुख्य पंचच उठून चालला?"

पाळक म्हणाले, "जाऊ द्या त्याला. आज पहिल्यांदा या देवळात कुणाचा तरी पाय धुतला जातोय."

दवाखान्यात पाय वाचला, टाच अर्धी कापावी लागली. आधी आणला असता तर तीही वाचली असती, असं डॉक्टर नथनेलच्या तोंडावर म्हणाले.

नथनेल रोज दवाखान्यात जाई. एकदा तो सगुणाला म्हणाला, "बाई, मला माफ कर."

सगुणा म्हणाली, "देवळात पाणी घातलंत, बरं केलंत साहेब. पण पाण्याचा माठ भट्टीवर पण होता."

नथनेलनं दुसऱ्याच दिवशी भट्टीवरच्या सगळ्यांना बूट आणले.  त्या आठवड्यापासून त्याच्या भट्टीवर कुणी अनवाणी चढलं नाही, आणि दुखणाईताला कुणी सोंगाड्या म्हटलं नाही. लहानू मात्र जन्मभर लंगडत राहिला.

तात्पर्य: जो तुमच्यासाठी राबतो त्याला कामाच्या जागी न्याय द्या; नाहीतर देवळातली तुमची प्रार्थना छपरालाच अडकून बसेल.